थोडीशीच भूल द्या

पशुवैद्याकडे फाइल काढताना जनावराच्या नावापुढे घरच्यांचं आडनाव लावायची पद्धत आता चांगली रुजली आहे. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या दवाखान्यात ‘ब्रूनो कुलकर्णी’, ‘सिंबा शेख’, ‘मस्तानी जोगळेकर’ अशा हाका येतात आणि एखादी गलेलठ्ठ लॅब्रॅडॉर कुळाचं नाव ऐकून डुलत डुलत आत जाते. आमच्या मांजरीचं नाव ठमी. ठमी म्हटलं तरी ती वळून बघत नाही, आडनावाची गोष्ट लांबच. पण फायलीवर ते आहे, आणि जिथे पूर्वी ‘मालक’ छापलेलं असे तिथे आता ‘पालक’ आहे. ही बढती आहे की बदली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

फायलीच्या मागच्या पानावर संमतीपत्र असतं. शस्त्रक्रियेत आणि भुलीत धोका असतो, तो मला समजावून सांगितला आहे, तरीही माझी तयारी आहे, अशा अर्थाच्या चार ओळी आणि खाली सहीची जागा. बँकेत गृहकर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या ठोकत जाणारी माणसं इथे चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्या चार ओळी वाचतात. मग डॉक्टरांकडे बघतात.

“म्हणजे, पूर्ण भूल देणार?”

“हो. गर्भाशय काढायचं म्हणजे पूर्णच द्यावी लागते.”

“थोडीशीच नाही का चालणार?”

चहात साखर कमी घाला म्हणावं, त्या सुरात हे विचारलं जातं. विचारणारा कंजूष नसतो आणि अडाणीही नसतो; पुण्यात तर तो बहुधा इंजिनियर असतो. त्याच्या मनात भुलीचं एक माप तयार असतं. जितकी जास्त भूल, तितकं जनावर मरणाच्या जवळ. तेव्हा अर्धीच द्यावी, म्हणजे ते अर्ध्या वाटेवरून परत येईल. आमच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान आहेत, पण हे ऐकून त्या कधी हसत नाहीत. पोट उघडलेलं असताना अर्धवट जागं झालेलं कुत्रं धडपडेल, त्याच्या हृदयाची धावपळ होईल आणि धोका उलट वाढेल, हे त्या न कंटाळता सांगतात. आधी शांत करणारं इंजेक्शन, मग झोपवणारं, मग घशातल्या नळीतून वायू, आणि सगळं वजनाच्या हिशोबाने. ऐकणारा मान डोलावतो. त्याला खरंच पटलेलं असतं. सही करता करता तो म्हणतो, “तरी पण डॉक्टर, जरा कमीच.”

भीती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात पाळीव जनावरांच्या भुलीचा एक मोठा अभ्यास झाला. भुलीच्या संदर्भातल्या मृत्यूंचं प्रमाण त्यात कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के आणि सशांमध्ये १.३९ टक्के निघालं. धडधाकट कुत्र्यांपुरतं पाहिलं तर ते दोन हजारांत एक इतकं खाली येतं. हा आकडा सांगून कुणाचं समाधान होईल अशी ज्याला आशा वाटते, त्याने कुत्रं पाळलेलं नसावं. ज्याच्या घरी एकच कुत्रं आहे, त्याला दोन हजार कुत्र्यांशी काय देणंघेणं? त्याला एवढंच ऐकू येतं की एक मरतं, आणि ते आपलंच असणार याची त्याला पक्की खात्री असते.

मला त्या अभ्यासात खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली होती, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणजे नेमकी अशा वेळी, जेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या पालकाचा जीव भांड्यात पडलेला असतो, घरी फोन झालेले असतात, आणि तो दार ढकलून विचारतो, “झालं ना? मग नेऊ का? खाली रिक्षा थांबलीय.” सुई टोचताना ज्यांना बघवत नाही आणि जे डोळे पुसत बाहेर जातात, तेच लोक जनावर शुद्धीवर येताना घड्याळ बघत असतात. भीती खरी असते. फक्त तिने वेळ चुकीची निवडलेली असते.

आदल्या रात्रीची तऱ्हा आणखी वेगळी. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं हवं, कारण भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. पाणी चालतं, अन्न नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं, आणि सगळ्यांत आधी आजींना. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पॉमेरियनचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं, कारण टेबलावर घेण्याआधी त्याने राजगिऱ्याच्या लाडवाची ढेकर दिली. आजींना विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना, उपास आहे म्हणून? राजगिरा चालतो उपासाला.” ज्या घरात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि वर केळं, त्या घरात एका कुत्र्याने निरंकार राहावं ही अपेक्षाच मुळात धर्मबाह्य होती. डॉक्टर मॅडमनी त्या दिवसापासून ‘उपास’ हा शब्द सोडला. आता त्या “काहीही द्यायचं नाही, लाडूसुद्धा नाही” असं म्हणतात, आणि लाडू कुठून आला हे नव्या लोकांना कळत नाही.

घरातल्या पुरुषांचा भाव पाहायचा असेल तर मात्र नर कुत्र्याच्या नसबंदीच्या दिवशी दवाखान्यात जावं. कुत्रीचं ऑपरेशन ठरवणं सोपं असतं. “एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्या हो, आईपण काय असतं ते कळू दे,” असं म्हणणारं कुणीतरी निघतं (बहुधा ज्याला ती पिल्लं सांभाळायची नसतात), पण पुढे पिल्लं द्यायची कुणाला या प्रश्नाशी ते थांबतं. नराच्या बाबतीत मात्र घरात बैठक बसते. नवरा, मुलगा, आलेले मेहुणे, सगळे गंभीर होतात. कुणी पायावर पाय टाकून बसतो. “त्याच्या मनाचा विचार कुणी केलाय का?” असा प्रश्न येतो. “स्वभाव पार बदलतो म्हणे.” “आळशी होतात.” “आणि त्याला कळतं बरं का सगळं.” वैद्यकीयदृष्ट्या पाहिलं तर कुत्रीचं ऑपरेशन कितीतरी मोठं असतं, पोट उघडावं लागतं, कुत्र्याचं थोडक्यात उरकतं. पण बायकोच्या सिझेरियनच्या कागदावर ज्यांनी उभ्या उभ्या सही केली होती, त्या गृहस्थांना मी शेरू नावाच्या कुत्र्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना पाहिलं आहे.

ज्या कुत्र्यांचं ऑपरेशन भुलीच्या भीतीने टळतं, त्यांतल्या काही माद्या म्हातारपणी गर्भाशयात पू होऊन दवाखान्यात येतात. रात्री, तापाने फणफणलेल्या, खाणं सोडलेल्या. तेव्हा तेच ऑपरेशन, तीच भूल, पण वय दहा आणि अंगात विष भिनलेलं. त्या वेळी मात्र संमतीपत्र कुणी वाचत नाही.

दातांचं तर बोलायलाच नको. कुत्र्याच्या दातांवरचं किटण खरवडायलाही भूल लागते, हे ऐकून माणसं उठून उभी राहतात. “दात साफ करायला? मी तर परवाच केले, गप्पा मारत मारत!” आता ते गप्पा कशा मारत होते, तोंडात तो पाण्याचा पाइप असताना, हा भाग वेगळा. पण कुत्र्याला ‘आ करा, थुंका, पुन्हा आ करा’ सांगायची सोय नाही, आणि खरं किटण हिरडीच्या खाली असतं, जिथे जाग्या कुत्र्याला हात लावला तर तो डॉक्टरांची बोटं मोजून घेईल.

भुलीची दृश्यंही घाबरवणारी असतात, हे मान्य. मांजराला केटामिन दिलं की त्याचे डोळे उघडेच राहतात. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून त्यात मलम घालावं लागतं. ठमीच्या ऑपरेशनच्या वेळी मी दाराच्या काचेतून पाहिलं तर ती टक लावून माझ्याकडे बघत होती. ती बघत नव्हती, हे मला माहीत होतं. तरी पुढचा आठवडाभर मी तिच्याशी फार आदबीने वागले. काही कुत्री शुद्धीवर येताना गळा काढतात. औषधाच्या अंमलात त्यांना काही उमगत नसतं, खोली फिरत असते, पाय आपले वाटत नसतात, आणि ती लांबलचक सूर लावतात. बाहेरच्या बाकावर तो सूर पोचला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. “बघा, किती दुखतंय बिचाऱ्याला!” दोनेक तासांनी तेच कुत्रं घरी कोपऱ्यात पाठ वाकवून, पोट आत ओढून, जेवणाकडे पाठ करून पडलेलं असतं, आणि तेच लोक आवाज बारीक करून सांगतात, “बघा, किती शांत झोपलाय.”

हा घोळ जुना आहे. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथर हुंगवून माणसावर शस्त्रक्रिया करून दाखवली गेली आणि वैद्यकाचं जग हललं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडवर्ड मेह्यू या पशुवैद्याने कुत्र्या-मांजरांना ईथर देऊन पाहिलं. त्याला फारशी आशा वाटली नाही. जनावरं ओरडली. ते ओरडणं वेदनेचं होतं की नव्हतं, हे सांगता येत नाही, पण ऐकणाऱ्याला ते यातनेचंच वाटतं, असं त्याचं म्हणणं पडलं. गृहस्थ प्रामाणिक होता. आपण जे मोजतोय ते कुत्र्याचं दुःख की आपला कान, हा प्रश्न त्याला निदान पडला तरी. ब्रिटनमध्ये जनावरांच्या काही शस्त्रक्रियांसाठी भूल सक्तीची करणारा कायदा यायला १९१९ साल उजाडलं.

आता वेदनाशामकाकडे येऊ. भुलीसाठी जितका जीव टांगणीला लागतो, तितकाच तो इथे निवांत असतो. बिल हातात आल्यावर बोट त्या एका ओळीवर थांबतं. “हे पेनकिलर कशाला? लागणारच आहे का?” कारणं तयार असतात. सवय लागेल. किडनी जाईल. गोळ्या गरम पडतात. आणि सगळ्यांत लोकप्रिय कारण असं: “थोडं दुखलेलं बरं, म्हणजे उड्या मारणार नाही, टाके राहतील.” हे सांगणारा मनाने दुष्ट नसतो. त्याच्या कुशीत त्या क्षणी ते जनावर असतं आणि तो त्याचं कपाळ चोळत असतो. पण स्वतःच्या अपेंडिक्सच्या वेळी ‘सिस्टर, मला जरा दुखू द्या, म्हणजे मी पलंगावरून उतरणार नाही’ असं म्हटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

गंमत अशी की हे कारण लोकांनी स्वतः शोधलेलं नाही. ते पशुवैद्यांकडूनच खाली झिरपलं आहे. दुखणं जनावराला जागेवर ठेवतं, असं पूर्वी त्यांनाही शिकवलं जाई. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नार्ड रोलिन नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते; जनावरांच्या वेदनेचा प्रश्न पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात आणण्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. १९८२ मध्ये तिथल्या संसदेपुढे साक्ष द्यायची म्हणून त्यांनी जनावरांच्या वेदनाशमनावरचं लिखाण शोधलं. ते सांगत की दोनच लेख सापडले, आणि त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की या विषयावर लेख असायला हवेत. हा विनोद मराठी समीक्षेत सहज खपून गेला असता. पण तिथे त्याचा अर्थ असा होता की लाखो जनावरांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या लोकांनी ‘नंतर दुखतं का’ हा प्रश्न नीट विचारलाच नव्हता.

आणि जनावरांचं सोडा. नवजात बाळांनाही फारसं दुखत नाही, अशी समजूत धरून गेल्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत कितीतरी ठिकाणी त्यांच्यावर अगदी तुटपुंज्या भुलीत शस्त्रक्रिया होत. १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका अभ्यासाने दाखवलं की चांगली भूल दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळं शस्त्रक्रिया जास्त चांगली सोसतात आणि त्यांच्या नंतरच्या तक्रारी कमी असतात. त्या अभ्यासातलं पहिलं नाव के. जे. एस. आनंद या डॉक्टरांचं. बाळ काय, मांजर काय, ज्याला तक्रार नोंदवता येत नाही त्याच्या वतीने ‘काही त्रास नाही’ असं लिहून टाकायची आपल्याला घाई असते.

मांजर तर तक्रार नोंदवायच्या विरुद्धच असते. दुखतंय हे कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचं रान करते. कपाटामागे जाते. अंग चाटायचं सोडते. कधी घुरघुरतेसुद्धा, मांजरी दुखत असतानाही घुरघुरतात, आणि आपण खूश होऊन म्हणतो, आवडलं वाटतं. माँट्रियालच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये यावर उपाय म्हणून मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली. कान, डोळ्यांचं मिटणं, नाकातोंडाचा ताण, मिशा आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त भरले की औषधाचा विचार करायचा. मी ती पट्टी घेऊन ठमीसमोर बसले. तिने कान मागे केले, डोळे बारीक केले, मिशा ताठ केल्या. मी घाबरून सहा गुण दिले. मग लक्षात आलं की मी समोर तोंड नेऊन बसलेय म्हणून हे सगळं चाललंय. उठून गेले तर चेहरा पूर्ववत, गुण शून्य. नवऱ्याचा चेहरा वर्तमानपत्र वाचताना त्याच पट्टीने तपासला. सात भरले. त्याचं म्हणणं, काही दुखत नाहीये. पण तेच तर मांजरीही सांगतात.

ज्यांना दुखणं दिसतं, ते कधी कधी फारच उत्साहाने कामाला लागतात. घरच्या डब्यात गोळी असतेच. माणसाला एक, मांजराला पाव, असा सोपा त्रैराशिकाचा हिशोब. यात एक मोठा खड्डा आहे. तापाच्या ज्या पॅरासिटामॉलवर आपलं अख्खं राष्ट्र चालतं, ते निष्प्रभ करण्याची पुरेशी यंत्रणाच मांजराच्या यकृतात नसते. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते: रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडावर घाला. प्रेमाने दिलेली गोळी ही दवाखान्यात येणाऱ्या आणीबाणींमधली सगळ्यांत केविलवाणी, कारण तिथे डॉक्टरांना ओरडताही येत नाही.

मुंबईत परळला जनावरांचा जुना मोठा दवाखाना आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट हे त्याचं नाव, पण टॅक्सीवाल्याला सांगायचं ते ‘बैलघोडा हॉस्पिटल’. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्या काळी मुंबईची ट्राम घोडे ओढत आणि माल बैल ओढत, तेव्हा रुग्ण कोण असणार हे नावातच आलं. आज तिथे कुत्र्या-मांजरांची गर्दी असते, आणि बैलघोडा हे नाव मात्र टिकून आहे. ते ऐकलं की मला आमचं माहेरचं गाव आठवतं, वर्ध्याकडचं, कारण जनावरांच्या दुखण्याचा खरा मोठा हिशोब तिथे गोठ्यात आहे. आम्ही शहरातले लोक उगीच बाकावर बसून डोळे पुसतो.

गोऱ्ह्याला खच्ची करायचं म्हणजे पूर्वी बडवत. मग इटलीचा बर्डिझो चिमटा आला, कातडी न कापता आतली नस चिरडणारा, आणि ती मोठी सुधारणा समजली गेली. दावं टाकून गोऱ्हा पाडायचा, चार माणसांनी दाबून धरायचा, आणि काम उरकायचं. भूल कसली? १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही खच्चीकरण, शिंगं काढणं, डाग देणं आणि वेसण घालणं ही कामं ठरवून दिलेल्या रीतीने केली तर क्रूरतेतून वगळून टाकली. पण याच गावात गायीच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्या काढण्याचं ऑपरेशन मी पाहिलं आहे. डाव्या कुशीला बधिर करणारी इंजेक्शनं दिली, आणि गाय उभीच. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत, बाहेर पिशव्यांचा ढीग, दोरीचे तुकडे, एक खिळा, आणि गाय कान हलवत समोरच्या कडब्याकडे बघतेय. जमलेल्या गर्दीत एकानेही विचारलं नाही की भूल किती दिली. जनावर उभं होतं ना! आडवं पडलेलं बघवत नाही. उभ्याने सोसणारं बघवतं. गोठा असो की एसी लावलेला दवाखाना, माझ्या मते आपल्या सगळ्या भित्रेपणाची गुरुकिल्ली एवढीच आहे.

तरी त्याच गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा कोमट पाण्याने धुतात, हळद-तूप लावून चोळतात, शेकतात, आणि मग त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. माझे मामा, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या गुडघ्याला कधी तेल लावलं नाही, ते त्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यावरून अंगठा फिरवत “इथं? इथं दुखते काय रे?” असं विचारत बसायचे. बैल एका जागी आला की कातडी थरथरवायचा. मामांना ती जागा कळायची. माँट्रियालची पट्टी यायला तेव्हा अवकाश होता.

गावात खरं वेदनाशामक आलं ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. डायक्लोफिनॅक, स्वस्त आणि गुणकारी. लंगडणारा बैल, कास सुजलेली गाय, एक इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी जनावर चालायला लागलेलं. इतकी माया इतक्या कमी पैशांत गोठ्यात यापूर्वी कधी आली नव्हती. जी जनावरं तरीही मेली, ती नेहमीप्रमाणे गावाबाहेर हाडकीत टाकली गेली. आणि गिधाडं मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात हजाराला एखादं उरावं इतकी संपली. डायक्लोफिनॅकने त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो, हे २००४ मध्ये छापून आलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम आता मिळतं, आणि ठमीलाही दवाखान्यातून मोजून तेच मिळालं. बैलाचं दुखणं थांबवू नये, असं यातून कुणी काढू लागला तर मी भांडेन. पण गावात कुणाला विचारलं, गिधाडं कुठे गेली, तर वर आभाळाकडे हात करतात. बैलाच्या लंगडण्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

राहता राहिलं म्हातारपण. तिथे ना शस्त्रक्रिया, ना संमतीपत्र, त्यामुळे तिथे तर कुणाला काही दिसतच नाही. आमच्या तळमजल्यावरच्या काकांचा मोत्या बारा-तेरा वर्षांचा. हल्ली तो सोफ्यावर चढत नसे, दूधवाल्यावर भुंकत नसे, जिन्याच्या तोंडाशी उभा राहून विचार करी आणि परत जाऊन झोपे. काका कौतुकाने सांगत, “वयाने शहाणपण आलं बघा. आता हट्ट नाही, दंगा नाही. अगदी वानप्रस्थ.” लसीच्या निमित्ताने मोत्याला नेलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी त्याच्या कमरेच्या सांध्यावर हात ठेवला, आणि त्या वानप्रस्थीने मान वळवून त्यांचं मनगट दातांत धरलं, चावला नाही, नुसतं धरलं. क्ष-किरणात सांधे झिजलेले दिसले. रक्त तपासून, मूत्रपिंडं ठीक आहेत असं बघून, जेवणानंतर द्यायची रोजची गोळी सुरू झाली.

पंधरवड्याच्या आत काका पुन्हा दवाखान्यात. मोत्या सोफ्यावर चढत होता. दूधवाल्याने बिल्डिंगमध्ये यायचं सोडलं होतं. संकष्टीच्या दिवशी ओट्यापर्यंत पाय टाकून त्याने नैवेद्याचे मोदक संपवले होते, आणि नंतर काकांच्या हातातली चप्पल बघून तीन खोल्यांतून धावला होता.

“डॉक्टर, गोळीचा गुण आहे, नाही म्हणत नाही,” काका म्हणाले. “पण ती एक दिवसाआड दिली तर? म्हणजे एक दिवस त्याला आराम, एक दिवस आम्हाला.”

डॉक्टर मॅडमनी विचारलं, “तुमची स्वतःची गुडघ्याची गोळी तुम्ही कधी घेता, काका?”

“मी? रोज सकाळी. त्याशिवाय उठवतच नाही.”

काकू इतका वेळ मोत्याचा पट्टा धरून गप्प उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, मोत्याची राहू दे चालू. यांची बंद करून बघू या का आठवडाभर? घर कसं शांत होईल.”